कोटेशन

लॅमिंग्टन रोडला पोटमाळ्यावरचं दुकान.
लोखंडी जिना इतका उभा
की वर पोचेस्तोवर निम्मी घासाघीस खालीच राहते.

मुर्तझाभाई गुलाबी कागदावर लिहितात,
डावीकडे भाग, उजवीकडे आकडा,
आणि शून्यं मुद्दाम बारीक काढतात,
डॉक्टर आजाराचं नाव हळू घेतात तशी.

माझ्याकडे पंचेचाळीस हजार.
पतपेढीच्या अहवालाचे बावीस,
एका प्रबंधाचे अकरा
(बाईंना पदवी मिळून सहा महिने झाले, मला अकरा गेल्या सोमवारी मिळाले),
उरलेले भिशीतले.

ओजस पंधरा दिवस यादी करतोय.
यादीत ग्राफिक्स कार्ड, सव्वीस हजारांचं, तीन पंख्यांचं.
"आई, तुझ्या पत्रिकांनाच लागेल."
माझ्या पत्रिकेत गणपती एक, कलश दोन,
आणि नवरदेवाच्या आजोबांच्या नावामागे कै.
कै. ला किती पंखे लागतात रे, मी विचारलं.
तो हसला नाही.
जिना चढताना हसला.

"बाई, काय पायजे ते सगळे सांगतात,"
मुर्तझाभाईंनी पेन कानामागे ठेवलं,
"याच्यावर करणार काय, ते सांगा."

सांगितलं.
तीनशे पानं, तळाला टिपा.
एक टीप सरकली की पुढची दोनशे पानं सरकतात,
आणि पडदा पांढरा पडतो,
आणि मी त्याच्याकडे बघत बसते रात्री दीड वाजता,
माझगावात बोटीचा भोंगा वाजतो, पान हलत नाही.
सकाळी बटण दाबल्यापासून चार मिनिटं.
त्यात चहा होतो, कुंडीला पाणी होतं,
समोरच्या गॅलरीतली रोशनबाई दोन वाक्यं बोलून घेते.

पेन खाली आलं.
प्रोसेसर, सातवाला: काट.
पाचवालाही जरा जास्तच, पण असू दे.
रॅम आठची सोळा. एसएसडी मोठी. इथे हात आखडू नका.
काचेचं कॅबिनेट, आत इंद्रधनुष्य फिरणारं,
ते मात्र त्यांनी हळूच तसंच ठेवलं.
मी बोट ठेवलं. तेही काट.
"धंदा आहे बाई," ते म्हणाले, आणि लाजले नाहीत.

मग एसएमपीएस. ओजस म्हणाला, साधा घे, दिसतो कुठे.
आमच्या सोसायटीनेही हेच केलं.
बाहेरून पिस्ता रंग काढला, आतले पाइप तेच,
दिवाळीत दुसऱ्या मजल्याची भिंत रडली.
चांगला घातला. अठराशे वर गेले.

कार्डाची जागा रिकामी ठेवायची ठरली.
ती आहे, बोर्डवर, लांबट, वाट बघणारी.
"तुझ्या पहिल्या पगाराची," मी म्हटलं.
त्याने खोबणीत फुंकर मारली,
धूळ नव्हती तरी.

की-बोर्ड फुकट देत होते.
नको म्हटलं.
माझ्या जुन्यावरचं डी पुसलंय, जे पुसलंय:
डी वर माझा पाय मोडतो, जे वर माझा र.
अकरा वर्षं दाबून दाबून तिथे
बोटाएवढा खळगा झालाय.
नव्या बटणांना ते सगळं पहिल्यापासून शिकवायचं कोणी?

बेरीज चव्वेचाळीस हजार सहाशे.
सहाशे सोडले,
सोडतानाचा चेहरा मात्र सहा हजारांचा.
टॅक्सीत खोकं ओजसच्या मांडीवर,
डॉकयार्ड रोडपर्यंत तो बोलला नाही,
फक्त वळणावर खोक्याला दोन्ही हातांनी धरलं.

आता आठ सेकंद.
बटण दाबते, वळते, आणि तोवर
पडदा उजळून हात जोडून उभा,
बोला काय करायचं.

पहिले दोन दिवस चहा राहिला.
तिसऱ्या दिवशी रोशनबाईने गॅलरीतून विचारलं,
"काय ग, बरं नाही का तुला?"

काल ठरवलं.
आधी आधण ठेवायचं, मग कुंडी,
मग ती दोन वाक्यं, झाली तर तीन.
बटण त्यानंतर.
सोळाची रॅम,
थांबेल.